फाळका पाडण्याआधी

दिवाळी होऊन पंधरवडा उलटला की अमरावतीबाहेरच्या बाभळींना कापूस लागतो. भरलेल्या ट्रॉल्या जिनिंगच्या कारखान्याकडे जाताना खालच्या फांद्यांना घासतात आणि प्रत्येक बाभूळ आपला चिमूटभर वाटा ठेवून घेते. स्कूटरवरून कॉलेजला जाताना तो पांढरा कापूस दिसला की मला समजतं, आता पोरं शीट्स घेऊन येणार. आणि खरंच, त्याच आठवड्यात पहिल्या वर्षाची पोरं फाटकातून आत येऊ लागतात. खांद्याला लांब नळकांडं, पाठीवर रेघा मारायचा ड्राफ्टर, बोटं शिशानं काळी आणि चेहऱ्यावर सगळ्या जगानं अन्याय केल्याचा भाव. ड्रॉइंगच्या सबमिशनचे दिवस. इतरांच्या लेखी हे दोन हंगाम असतील, एक शेतीचा आणि एक परीक्षेचा. माझ्या डोक्यात ते केव्हाच एक होऊन गेले आहेत, आणि त्याला कारण एक ट्रॉली आहे.

मी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवते. लग्नाकार्यात कुणी विचारलं आणि मी हे सांगितलं, की समोरची बाई हमखास म्हणते, 'मग काय, आमच्या दाराशी तुमचीच रांगोळी.' आधी मला राग यायचा. आता मी पदर खोचून रांगोळी काढून देते, आणि तीही अशी काढते की पुढच्या लग्नाला परत बोलावणं येतं.

पण माझ्या विषयाचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. जग जाडजूड आहे, कागद सपाट आहे. हे जाडजूड जग त्या सपाट कागदावर असं उतरवायचं, की दुसऱ्या गावातल्या, आपल्याला कधीही न भेटलेल्या कारागिरानं तो कागद पाहून ती वस्तू जशीच्या तशी उभी करावी. फोन नाही, विचारपूस नाही, नुसत्या रेघा. मला तर हे पत्र लिहिण्याइतकंच मोठं काम वाटतं.

सुरुवात खोलीच्या कोपऱ्यापासून होते. समोरची भिंत आणि खालची फरशी. त्या दोघींच्या मध्ये, हवेत, एखादी वस्तू धरली आहे असं समजायचं. समोरून पाहिलं की ती जशी दिसते तसं चित्र तिच्यामागच्या त्या भिंतीवर उमटतं. वरून पाहिलं की जशी दिसते तसं चित्र खालच्या फरशीवर. आता कागद तर एकच. म्हणून फरशी खाली वळवायची, भिंतीच्या सरळ रेषेत आणायची. भिंत आणि फरशी जिथं मिळतात ती रेघ मध्ये राहते. तिच्या वर समोरून पाहिलेलं चित्र, तिच्या खाली वरून पाहिलेलं. एवढं सांगून झालं की मी खडू खाली ठेवते आणि वर्गाकडे बघते. पाच-पन्नास माना हलतात. त्यात एखाद्या कपाळावर आठी असते. मी त्या आठीचीच वाट बघत असते, कारण ती एकदा माझ्या कपाळावर होती.

मी तेल्हाऱ्याची. आई अंगणवाडी सेविका. बाबांचं अकोट रस्त्याला वेल्डिंगचं दुकान, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचे. शिक्षण सातवी, पण पंचक्रोशीत कुणाचीही ट्रॉली रस्त्यानं जाताना नुसत्या आवाजावरून सांगत, ही माझी किंवा ही माझी नव्हे. विहाराजवळच्या आमच्या गल्लीतून इंजिनीअरिंगला निघालेली मी पहिली मुलगी. त्यामुळे मला पोचवायला अर्धी गल्ली एस.टी. स्टँडवर आली होती, आणि कंडक्टरनं घाबरून विचारलं होतं की हे सगळे बसणार आहेत का. गाडी सुटताना बाबा खिडकीशी आले. बाकी सगळे 'नीट राहा, जेवत जा' म्हणत होते. बाबा म्हणाले, "एक ध्यानात ठेव माय. समजलं नाई तं समजलं नाई म्हण. अर्ध्या समजेवर जोड मारला का तो रस्त्यात तुटते."

हे वाक्य मी अमरावतीला घेऊन गेले आणि पहिल्याच महिन्यात त्यानं मला गोत्यात आणलं.

आम्हाला ड्रॉइंगला लिमये सर होते. पुण्याचे, नोकरीनिमित्त इकडे आलेले. फळ्यावर हातानं असं वर्तुळ काढत की मागून कुणीतरी हळूच 'वाह' म्हणे. त्या दिवशी त्यांनी भिंत, फरशी, वस्तू सगळं सांगितलं, फरशी वळवली, आणि वरून पाहिलेलं चित्र खाली काढलं. मी उभी राहिले.

"सर, वरून पाहिलेलं खाली काहून?"

वर्ग हसला. माझ्या प्रश्नाला नव्हे, 'का'च्या जागी आलेल्या 'काहून'ला हसला. अमरावतीच्याच पोरी, स्वतःच्या घरी दिवसाला शंभरदा काहून म्हणणाऱ्या, त्याही हसल्या. सरही किंचित हसले. ते वाईट नव्हते, मला आजही तसं वाटत नाही. ते म्हणाले, "कारण फरशी आपण खाली वळवली."

"पण फरशी खाली कशी वळन सर? फरशीच्या खाली तं जमीन असते."

आता हसणं वाढलं. सर म्हणाले, "पद्धत आहे बेटा. पाठ करून टाक." मी खाली बसले. कान तापले होते. फरशी खाली कशी जाते ते मला कळलं नव्हतं, आणि कळलं नाही असं मी म्हटलंही होतं. त्याच्या पुढे काय करायचं ते बाबांनी सांगितलं नव्हतं.

मग मी माझ्या अकलेनं जे बरोबर वाटलं ते केलं. वरून पाहिलेलं चित्र वर काढायचं, समोरचं त्याच्या खाली. सगळ्या आठ शीट्स मी तशा काढल्या. चौकोनी चिती, शंकू, मनोरे, तिरप्या रेघा, सगळं नेटकं, सगळं मापात, आणि सगळं उलट्या जागी. पुढं दुसऱ्या वर्षाला मला कळलं की जगात कागद असाही मांडतात. अमेरिकेतले लोक वरचं वरच काढतात आणि त्यांची यंत्रं व्यवस्थित चालतात. म्हणजे तेल्हाऱ्याच्या पोरीनं, कुणी न सांगता, एक अख्खी पद्धत स्वतःच्या डोक्यातून काढली होती. हे मी मुलांना दरवर्षी सांगते आणि सांगताना माझा आवाज जरा चढतो, तो चढू देते. पण आपल्याकडे जी पद्धत ठरली आहे तीत ते चूकच होतं. कारागिराला पत्र शेवटाकडून वाचायला लावल्यासारखं ते होतं.

शीट्स तपासतात सत्राच्या शेवटी, त्यामुळे माझी चूक चार महिने सुखानं वाढत राहिली. माझी रूममेट मनीषा चांदूर रेल्वेची. घरी काळ्या मातीची मोठी शेती, जीव लावणारी पोरगी. तिनं दोनदा टोकलं होतं. पण हॉस्टेलात शीट काढत कोण होतं? तिथं जीटी चालायची. दोन बादल्यांवर काच ठेवायची, काचेखाली बल्ब लावायचा, काचेवर कुणाची तरी पूर्ण झालेली शीट आणि तिच्यावर आपला कोरा कागद. खालच्या रेघा वर दिसतात, त्या गिरवायच्या. ग्लास ट्रेसिंगचं झालं जीटी. एका मूळ शीटवरून सगळा मजला पास व्हायचा, आणि मूळ शीट काढणारीनं कुठं चूक केली असेल तर सगळ्या मजल्याची तीच चूक असायची. माझ्या शीटवरून मात्र कुणी जीटी मारली नाही. त्या दिवसांत त्याचं मला वाईट वाटलं होतं.

गुरुवारी सरांनी माझ्या शीट्स उलटल्या. एक, दोन, तीन. मग पहिल्यापासून पुन्हा. "रेघा सुरेख आहेत," ते म्हणाले. "पण हे सगळं चुकीच्या जागी आहे." त्यांनी शीट्स माझ्याकडे सरकवल्या. "सोमवारी दुपारी बारापर्यंत आठही शीट्स नव्या काढून आण, आणि प्रत्येकीवर मी प्रश्न विचारणार. नाहीतर मला टर्म देता येणार नाही."

टर्म मिळाली नाही की परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं, वर्ष गेलं की हॉस्टेलची खोली गेली. आणि एस.टी. स्टँडवर आलेली ती अर्धी गल्ली माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

मनीषानं काच साफ करायला घेतली. "येडी झाली काय वं? माह्या शीट्स घे, उद्या संध्याकाळपर्यंत आठही मारून देतो दोघी मिळून."

मी नाही म्हटलं. तत्त्व वगैरे काही नव्हतं. मला राग आला होता. ज्याला लोक हसले ते मला समजल्याशिवाय मी गिरवणार नव्हते, एवढंच. मनीषानं काच पुन्हा पलंगाखाली सरकवली आणि कोऱ्या कागदांची गुंडाळी माझ्या नळकांड्यात स्वतः भरून दिली. शुक्रवारी सकाळी अकोटला गाडी बदलून मी तेल्हाऱ्याला पोचले.

घरात कागद पसरायला जागा नव्हती, म्हणून दुकानावर गेले. ऐन कापसाचे दिवस, ट्रॉलीची घाई. बाबा एक नवी ट्रॉली उरकत होते. मला पाहून हातातला हातोडा खाली ठेवला, पण काय झालं ते विचारलं नाही. आमच्याकडे असंच असतं. आधी चहा येतो, मग पोरगी स्वतःच बोलते. मी सगळं सांगितलं. वर्ग हसला ते, सोमवारी बाराची मुदत दिली ते, वर्ष जाईल ते.

"मंग, समजलं नाई म्हटलं होतं ना तू?"

"म्हटलं होतं."

"मंग बरोबर केलं," बाबा म्हणाले आणि माझ्यासाठी टेबल मांडायला उठले.

टेबल म्हणजे ट्रॉलीचा फाळका. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. ट्रॉलीच्या मागच्या बाजूला लोखंडी पत्र्याची एक झडप असते, खाली बिजागऱ्यांवर बसवलेली. ती उभी बंद केली की माल आत राहतो. पिना काढून मागं पाडली की दोन्ही बाजूंच्या साखळ्यांवर ती आडवी तोलून राहते, आणि त्या साखळ्याही सोडल्या तर बिजागरीवर फिरून खाली लोंबते. बाबांनी फाळका साखळ्यांवर आडवा केला. ऊन ट्रॉलीला आतून दिलेल्या ताज्या रंगावर नको, म्हणून ट्रॉलीच्या मागच्या तोंडाला त्यांनी आधीच ताडपत्री टांगलेली होती, वरच्या पाइपपासून थेट बिजागरीपर्यंत. त्या ताडपत्रीकडे तोंड करून मी उभी राहिले, फाळक्यावर बोर्ड ठेवला, कागद लावला. आणि तासभर एक रेघ काढली नाही.

दिवस कलायला लागला होता. ऊन माझ्या पाठीमागून येत होतं. आईनं चहा पाठवला होता, स्टीलच्या पेल्यात. मी चहा संपवून पेला विसळला आणि बोर्डाच्या बाजूला, फाळक्यावर, ओलाच ठेवून दिला. त्याची सावली समोरच्या ताडपत्रीवर पडली होती. थोडी तिरपी, पण स्पष्ट. वर जरा रुंद, खाली जरा निमुळती. पेला समोरून जसा दिसतो तशी. मी ते पाहत होते आणि पाहत नव्हते.

"हो बाजूले," बाबा आले. "बिजागरी पाहू दे मले, अडकून राहिली का फिरून राहिली."

मी बोर्ड उचलला, पेला उचलला, आणि तिथंच उभी राहिले.

"पाय काढ," बाबा ओरडले. ते कधी ओरडत नसत. मी मागं उडी मारली. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा चपटा आहे, नख अर्धंच उगवतं. पूर्वी कधीतरी एक फाळका त्यावर पडला होता. मी दूर झाले हे पाहूनच त्यांनी साखळ्या सोडल्या आणि फाळका धाडकन खाली आला, बिजागरीला लटकून माझ्यासमोर सरळ उभा लोंबला.

त्याच्या पत्र्यावर पेल्याच्या बुडाचं ओलं गोल वळं होतं.

मी ते वळं पाहिलं. मग वर ताडपत्री पाहिली, जिथं आत्ता सावली होती. मध्ये बिजागरीची आडवी रेघ. वर ताडपत्रीवर समोरून दिसणारा पेला, खाली फाळक्यावर वरून दिसणारा पेला, म्हणजे गोल. वळं बिजागरीपासून जेवढं अंतर राखून होतं तेवढाच पेला ताडपत्रीपासून पुढं ठेवलेला होता. फरशी खाली गेली होती. तिच्याखाली जमीन नव्हती, हवा होती. सरांनी फरशी म्हटलं आणि मी खरीच फरशी धरून बसले होते. ती फरशी नव्हतीच, तो फाळका होता.

"बाबा, पुन्हा करा."

"काय?"

"फाळका वर घ्या. मंग पाडा."

बाबांनी काहीही न विचारता फाळका वर घेतला. मी पेला ओला केला, जागा बदलून ठेवला, उचलला. "पाय काढ." धाडकन. पुन्हा. मग डबा ठेवला, मग वीट, खडूनं भोवती रेघ मारून. पाच-सहा वेळा बाबांनी तो जड फाळका उचलला आणि सोडला. शेवटी म्हणाले, "बिजागरी चांगली फिरून राहिली आता." मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि बाबा त्या दोन्हींकडे दुर्लक्ष करून पुन्हा वेल्डिंगला बसले.

शनिवार आणि रविवार मी त्याच फाळक्यावर आठ शीट्स काढल्या. उजेडात सुरुवात आणि उजेडातच शेवट. प्रत्येक शीटच्या आधी डोळे मिटून एकदा फाळका पाडायचे आणि मगच पेन्सिल टेकवायचे. शंकू कसा खाली येतो, तिरपी रेघ खाली कशी तोकडी दिसते, सगळं लोखंडाच्या आवाजासकट दिसत होतं. पाचव्या शीटवर बाबांच्या वेल्डिंगची एक ठिणगी येऊन पडली. मनोऱ्याच्या पायाजवळ मोहरीएवढं भोक. बाबांनी जीभ चावली. मी म्हटलं राहू द्या.

सोमवारी सरांनी शीट्स पाहिल्या. पाचवी उजेडाकडे धरली. "हे काय?"

"ठिणगी पडली सर. बाबा वेल्डिंग करून राहिले होते."

बाकीची मुलं आपापल्या शीट्स धरून रांगेत होती. सर खुर्चीत मागं टेकले. "आता तू सांग. वरून पाहिलेलं खाली काहून?"

त्यांनी 'काहून' म्हटलं ते चिडवायला की सहज, मला आजही माहीत नाही. मी म्हटलं, "फाळका पाडला म्हणून, सर."

पुन्हा हशा. पण या वेळी सर हसले नाहीत. "कसला फाळका?" बाबा तेल्हाऱ्याला ट्रॉल्या बनवतात हे मी सांगितलं आणि फाळका कसा पडतो ते हातानं दाखवलं. नीट जमेना. सरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर जिनिंगला माल टाकून परतणारी एक रिकामी ट्रॉली उभी होती. सर उठले. त्यांच्या मागं मी, आणि माझ्या मागं सगळी रांग, हातात शीट्स घेऊन.

ट्रॉलीवाला काका चहा पीत होता. एवढी पलटण बघून उभाच राहिला. "काय झालं साहेब? गाडी अथी लावाची नाई काय?"

"गाडी राहू द्या. फाळका पाडता का?"

"पाडतो ना. पण काय पडलं त्याच्यातून?"

मनीषानं आणि आणखी एकीनं त्याची ताडपत्री मागच्या तोंडाला पडद्यासारखी धरली. फाळका साखळ्यांवर आडवा झाला. सरांनी खिशातून खडू काढला, चष्म्याची डबी फाळक्यावर ठेवली, तिच्याभोवती खडूची रेघ मारली. मग पुढं वाकून त्यांनी ताडपत्रीवरही, डबी समोरून जशी दिसत होती तशी, खडूनं काढली. डबी उचलली. मी काकांना खूण केली आणि सरांना म्हटलं, "सर, पाय काढा."

फाळका पडला. सरांनी वरच्या खडूच्या चित्रापासून खालच्या चित्रापर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, "बारा वर्षं शिकवतोय मी. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही." आणि सगळ्यांदेखत, टपरीच्या बाकावर शीट्स ठेवून, त्यांनी आठही शीट्सवर सही केली. काकांनी विचारलं, "झालं काय साहेब तुमचं? मंग मी निघू?"

त्या क्षणाचा अभिमान मी आजवर कशाशीही बदलून घेतलेला नाही. पुढं पदव्या मिळाल्या, नोकरी मिळाली, वर्गाच्या दारावर माझं नाव लागलं. ते सगळं छान होतं. पण त्या दिवशी ज्या मुली 'काहून'ला हसल्या होत्या त्या शीट्स गुंडाळताना एकमेकींना म्हणत होत्या, 'अगं, फाळका पाड ना आधी.' तो आनंद काही निराळाच होता. ती पाचवी शीट आजही माझ्या कपाटाच्या दाराला आतून लावलेली आहे. दार उघडलं की ठिणगीच्या भोकातून पलीकडचा रंग दिसतो.

आता पोरांकडे कॉम्प्युटर आहे. एक कळ दाबली की वस्तू फिरते, वरची बाजू, खालची बाजू, हवी ती. मला त्याचं कौतुकच आहे. पण पहिल्या वर्षाला हातानं काढायच्या शीट्स अजून आहेत, काच आणि बादल्याही अजून आहेत, फक्त बल्बच्या जागी मोबाइलची बॅटरी आली आहे. मी शीट हातात घेतली की गिरवलेली रेघ ओळखते. बाबांना ट्रॉलीचा आवाज ओळखू येतो तशी. अशा पोराला मी रागावत नाही, फक्त विचारते, 'सांग, तुझा फाळका कुठं आहे?'

मागच्या आठवड्यात पेपर तपासायला अकोल्याला गेले होते. दुपारी सगळे डबे उघडून बसलो. समोर एक तरुण शिक्षक होता, जठारपेठेत राहणारा, नोकरीला लागून दोनच वर्षं झालेली. बोलता बोलता तो शेजारच्याला सांगू लागला, "मी पोरांना फरशी वगैरे म्हणतच नाही. सरळ सांगतो, फाळका पाडा. एका मिनिटात समजते."

माझा घास हातातच राहिला. "हे कुठं शिकलात तुम्ही?"

"आम्हाला लिमये सर होते ना, अमरावतीहून बदलून आलेले. रिटायर झाले आता. ते असंच शिकवायचे. आणि दरवेळी म्हणायचे, हे माझं नाही, हे मला तेल्हाऱ्याच्या एका ट्रॉली बनवणाऱ्या मिस्त्रींनी शिकवलं."

सर आणि बाबा आयुष्यात एकदाही भेटले नव्हते. सरांना माझं नाव घेता आलं असतं, आणि मला ते आवडलंही असतं. त्यांनी ज्याचं श्रेय त्याला दिलं होतं. मी त्या मुलाला माझ्या डब्यातली ज्वारीची अर्धी भाकरी आणि ठेचा दिला. का ते त्याला कळलं नसणार.

तपासणी संपल्यावर अमरावतीची गाडी न धरता मी तेल्हाऱ्याची धरली. बाबा आता थकले आहेत. दुकान चालू आहे, पण स्वतः खुर्ची टाकून बसतात आणि आवाज ऐकतात. मी सगळं सांगितलं. अकोल्याची पोरं, अमरावतीची पोरं, सरांनी वर्षानुवर्षं सांगितलेलं ते वाक्य. कॉलेजात न गेलेल्या माणसाचा धडा दोन जिल्ह्यांतल्या कॉलेजांत चालतो आहे, हे मी दोनदा सांगितलं. आई पदरानं डोळे पुसत होती. बाबा आपल्या चपट्या अंगठ्याकडे बघत होते.

"मंग ते पोरं," बाबांनी विचारलं, "फाळका पाडाच्या आधी 'पाय काढ' म्हणतात का नाई?"

मी त्यांना सगळं शिकवलं होतं. बिजागरी, साखळी, वळं, अंतर. हे मात्र एकदाही सांगितलं नव्हतं.

"नाई म्हणत," मी कबूल केलं.

"मंग अर्धंच शिकवून राहिली तू," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी अमरावतीला परतले. पहिला तास माझा होता, सबमिशनआधीच्या उजळणीचा. वर्गात साठ पोरं. बाहेर रस्त्यानं ट्रॉल्या चालल्या होत्या, त्यांचा खडखड आवाज आत येत होता. मी फळ्यावर बिजागरीची रेघ मारली, वर ताडपत्री, पुढं फाळका आडवा, त्यावर एक पेला. सगळ्यांना डोळे मिटून तो फाळका मनात उभा करायला सांगितलं. पेला उचलला. मग मी साखळीला हात घातला आणि वर्गात यापूर्वी कधीही न काढलेल्या आवाजात म्हटलं, "पाय काढा."

साठ जणांचे पाय एकदम बाकाखाली मागं सरकले.